एक घर अलीकडे

बसवंत कोगनोळ्यांची आणि माझी ओळख जिन्याच्या पायथ्याशी झाली. चौऱ्याण्णव साली बेळगावच्या शाळेतली भूगोलाची नोकरी संपवून मी मुलाकडे, निहारकडे, बंगळूरला आले. मत्तीकेरेत त्यानं वरचा मजला भाड्यानं घेतला होता. खालच्या दोन खोल्यांत कोगनोळे राहायचे. रिक्षातून सामान उतरत असताना एक बारीक, काळेसे गृहस्थ पुढे आले, माझ्या हातातली पिशवी त्यांनी घेतली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"दहा चाळीस," ते म्हणाले. "गाडी यशवंतपूरला वेळेवर आलेली दिसतीय अक्का."

त्यांना प्रत्येक गोष्टीची वेळ बघायची सवय होती. यशवंतपूरच्या एका मोटारी बनवणाऱ्या कारखान्यात ते टाइमकीपर होते. गेटवर उभं राहायचं, कामगार आत आला की त्याच्या नावापुढं खूण करायची, उशिरा आला तर मिनिटं लिहायची. सव्वीस वर्षं त्यांनी हे केलं. मूळ गाव निपाणीजवळचं, त्यामुळं घरात मराठी, दारात कन्नड, आणि दोन्ही एकमेकांत मिसळलेल्या.

पण त्यांचा खरा जीव इंग्रजीत होता. कारखान्यातून आले की हातपाय धुऊन ते पुढच्या खोलीत चटई टाकत. गल्लीतली, आसपासच्या चाळींतली मुलं येत. फळ्यावर एक शब्द लिहिलेला असे आणि त्याचे उभ्या रेघांनी तुकडे पाडलेले. त्या तुकड्यांना ते घरं म्हणत.

"आपल्या मराठीत सगळी घरं सारखी," ते मुलांना सांगायचे. "बे-ळ-गा-व. कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. इंग्रजीत तसं नाही बघा. तिथं प्रत्येक शब्दात एक घर सावकाराचं असतंय. त्याच्यावर वजन टाकायचं. बाकीच्यांनी मान खाली घालून पटकन जायचं. वजन चुकलं की साहेबाला शब्दच ओळखू येत नाही."

वजनदार घरावर ते स्टीलचा पेला जमिनीवर आपटत. मुलं एका सुरात शब्द म्हणत, पेला वाजे, आणि वर माझ्या स्वयंपाकघरात फरशीतून तो आवाज येई.

त्यांची मुलगी धनलक्ष्मी, धनू, या वर्गात लहानपणापासून बसलेली. तिच्यासाठी वेगळ्या चार वह्या होत्या. एका पानावर पंधरा शब्द, घरं पाडलेले, आणि वजनाच्या घरावर आईची लाल टिकली चिकटवलेली. प्रेमा, त्यांची बायको, हसून तक्रार करायची, "टीचर, आमच्यात कपाळापेक्षा इंग्रजीलाच कुंकू जास्त लागतंय. निपाणीहून कोण येणार असलं की हे साडी सांगत नाहीत, टिकल्यांची पाकिटं सांगतात."

प्रेमा तेव्हा शिलाईच्या कारखान्यात जायची. दिवसभर शर्टांच्या कॉलरी. शहाण्णव साली बसवंतांचा कारखाना बंद पडला, आणि पुढच्याच वर्षी प्रेमाच्या डोळ्यांनी दगा दिला. सुईतला दोरा दिसेना. बसवंत एका गोदामाच्या गेटवर रजिस्टर लिहायला लागले. तेव्हापासून त्या घरात एकच गोष्ट ठरलेली होती, आणि ती मला सगळ्यांनी आपापल्या तोंडानं सांगितलेली. धनूनं शिलाईच्या मशिनवर बसायचं नाही. तिनं इंग्रजीवर जगायचं.

हे इंग्रजी त्यांनी कुठून मिळवलं तेही सांगते, कारण सगळं त्यातच आहे. निपाणीच्या हायस्कुलात विश्वासराव नावाचे मास्तर होते. त्यांच्याकडे एक जाड जुना इंग्रजी कोश होता. त्यात प्रत्येक शब्दावर कुठंतरी एक बारीक तिरकी खूण असायची. ज्या घरावर वजन, त्या घराच्या नंतर ती खूण. मास्तरांनी हे एकदा सांगितलं आणि बसवंतांनी ते आयुष्यभरासाठी घेतलं. पुढं बंगळूरला नोकरी लागल्यावर त्यांनी अव्हेन्यू रोडवरच्या जुन्या पुस्तकवाल्याकडून स्वतःचा कोश घेतला. मास्तरांच्यापेक्षा नवा, सुटसुटीत. फक्त सुरुवातीची वीसेक पानं नव्हती. खुणा यातही होत्या.

"नंतरच का खूण?" मी एकदा सहज विचारलं होतं.

"अक्का, गेटवर कसं असतंय? माणूस आधी आत येतो, मग आम्ही खूण करतो. आधी खूण आणि मग माणूस, असं कुठं चालतंय?"

"आणि शब्दाच्या अगदी सुरुवातीलाच खूण असली तर?"

त्यांनी डोळे मिचकावले. "कोण यायच्या आधीच खूण, म्हणजे सुट्टी. त्या शब्दात वजनच नाही. सगळी घरं सारखी. टीचर, मॅनेजर, कस्टमर, हे सगळे सुट्टीचे शब्द."

मला ते पटलं. मी भूगोलाची. त्यांचं इंग्रजी ऐकताना कधी कधी कानाला काहीतरी टोचायचं, पण वाटायचं, एवढा अभ्यास केलेला माणूस, आपल्याला काय कळतंय. शिवाय अख्खं गाव त्यांच्या बाजूनं साक्षीला होतं. 'हॉटेल' म्हणताना बंगळूरातला जो तो 'हॉ'वर जोर द्यायचा, 'डेव्हलपमेंट' म्हणताना 'डे'वर. त्यांच्या वहीतही टिकली तिथंच होती. रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या ते रोज ऐकायचे, त्यात एखादा शब्द वेगळा आला तर म्हणायचे, "बातम्यावाल्यांना घाई असतीय."

नव्याण्णवच्या मार्चमध्ये हेब्बाळच्या बाजूला एका नव्या कंपनीनं मुलामुलींची निवड ठेवली. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांशी टेलिफोनवर बोलायचं काम. धनू एकवीस वर्षांची, बी. कॉम. झालेली. बसवंतांनी ती जाहिरात कापून देवाच्या फोटोमागं ठेवली. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मुलांना सुट्टी दिली आणि तिची एकटीची उजळणी घेतली. पेला वाजत होता. मध्येच प्रेमाचा आवाज आला, "आता पुरे, पेल्याला पोचे आले!"

दुसऱ्या दिवशी दुपारी धनू आली ती खाली न जाता सरळ वर आली. चप्पल घालूनच दारात उभी राहिली.

"टीचर, दार लावते हं," ती म्हणाली, आणि पर्समधून आठ घड्या घातलेला एक कागद तिनं काढला.

तिथं प्रतिमा नावाच्या मॅडम होत्या. त्यांनी एक उतारा वाचायला दिला, फोटोग्राफरकडं आलेल्या गिऱ्हाइकाचं पत्र. धनूनं वाचला, न अडखळता, प्रत्येक शब्दाला वजन देऊन. मॅडमनी तो पुन्हा वाचायला लावला. मग त्या म्हणाल्या, जे कोरे येतात त्यांना आम्ही सहा आठवड्यांत तयार करतो. तू शिकून आली आहेस. हे काढणं आम्हाला जमायचं नाही. कुणी शिकवलं तुला?

"तू काय सांगितलंस?"

"कुणी नाही. रेडिओ ऐकून शिकले म्हटलं."

कागदावर नेहमीच्या शब्दांची यादी होती. ज्या घरावर जोर, ती अक्षरं जाड छापलेली. बसमध्ये ती तो कागद बघत आली होती.

"चूक असती ना टीचर, तर कुठंतरी चुकून बरोबरही आलं असतं. पण हे सगळंच्या सगळं एक घर अलीकडं आहे. फोटोग्राफरमध्ये आम्ही 'फो'वर देतो, ते 'टॉ'वर आहे. एज्युकेशनमध्ये आमचं 'ड्यु', त्यांचं 'के'. कॉम्प्युटर, सर्टिफिकेट, टुमारो, सगळं. आणि अप्पांचे सुट्टीचे शब्द आहेत ना, मॅनेजर, कस्टमर, त्यांच्यात पहिल्या घरावर वजन आहे." तिनं कागदाची घडी पुन्हा घातली. "मी यशवंतपूरच्या फाटकापर्यंत बघत होते, एक तरी अप्पांचं जुळतंय का."

निहारच्या कपाटात इंग्रजी कोश होता. तो मी काढला. सुरुवातीच्या पानांत स्पष्ट लिहिलेलं होतं की खूण ज्या अवयवाच्या, म्हणजे घराच्या, आधी आहे त्या अवयवावर जोर द्यावा. आम्ही दोघींनी ते दोनदा वाचलं. बसवंतांच्या कोशात नसलेली पानं ती हीच. मास्तरांच्या जुन्या कोशाची रीत वेगळी, नव्याची वेगळी, आणि ते सांगणारं पान अव्हेन्यू रोडला पोचायच्या आधीच कुणीतरी फाडलेलं. पाच वर्षं हा कोश आमच्या कपाटात होता. मधे बारा पायऱ्या.

"अप्पांना सांगायचं नाही," धनू म्हणाली. "मी एका शब्दावर अडकले म्हणून सांगते."

मी मान हलवली. ती चूक माझी. एका शब्दावर अडकली म्हटल्यावर बसवंत स्वस्थ बसणार नाहीत, हे मला कळायला हवं होतं. मिनिटांचा हिशेब ठेवणारा माणूस तो.

ते दुसऱ्याच दिवशी वर आले.

"अक्का, निहारचा कोश जरा बघू का? धनू 'फोटोग्राफर'वर अडकली म्हणे. आमच्यात वजन 'फो'वर आहे. त्या बाईंचा काही घोटाळा झालेला दिसतोय."

निहारनं ऑफिसला नेलाय, असं म्हणता आलं असतं. पण कोश त्यांच्या डोळ्यांसमोर कपाटात होता आणि मी आयुष्यभर मुलांना खोटं बोलू नका म्हणून सांगितलेलं. मी तो काढून दिला.

त्यांनी शब्द शोधला. खूण तिथंच होती, त्यांच्या कोशात होती तिथंच, 'फो' आणि 'टॉ'च्या मधे. त्यांचा चेहरा फुलला.

"बघा की! आमचंच बरोबर. मी धनूला म्हणत होतो..." ते हसत हसत कोश मिटायला लागले, आणि थांबले. "याला पहिली पानं आहेत. आमच्याला नाहीत. कधीची बघायची होती."

ते खुर्चीवर बसले, चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचू लागले. मी चहा ठेवते म्हणून आत गेले. गॅस पेटवला नाही. तशीच उभी राहिले.

बाहेर आले तेव्हा त्यांचं बोट पानावर एका जागी होतं.

"खूण आधी असतीय म्हणतंय," ते म्हणाले.

त्यांनी माझ्या रिकाम्या हातांकडं बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं, अक्का?"

"कालपासून."

त्यांनी घड्याळाकडं बघितलं. "चार दहा," असं पुटपुटले. मग कोश जिथून काढला होता तिथंच सरळ ठेवून ते खाली गेले.

त्या संध्याकाळी वर्ग भरला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्याकडे शिकून गेलेल्या मुलांची अकरा वर्षांची हजेरी होती. ती काखेत मारून ते रोज गोदामातून सुटल्यावर एकेकाच्या घरी जायला लागले. मी तुम्हाला चुकीचं शिकवलं, एवढं सांगायला. एका रविवारी मलाही बरोबर नेलं, कारण त्या मुलांतल्या जयतीर्थचं टायरचं दुकान आमच्या देवळाच्या वाटेवर होतं.

जयतीर्थनं दोन स्टुलं झाडून पुढं केली. बसवंतांनी उभ्यानंच सगळं सांगितलं, हजेरीतलं त्याचं नाव दाखवून.

तो मोठ्यानं हसला. "बिडी सर, बिडी!" तो कन्नडात म्हणाला, आणि मग मराठीत, "सोडा हो! मी टायर विकतो. टायरचं वजन बघतो, शब्दाचं कोण बघतंय? तुमच्याकडं काय शिकलो तेसुद्धा आठवत नाही, देवाशप्पथ." मग त्यांचा चेहरा बघून म्हणाला, "तसं नाही सर. चांगलं शिकवत होता तुम्ही. पेला आठवतो की. ए, दोन कॉफी सांग रे!"

कॉफी न घेता आम्ही निघालो. "अठ्ठावीस घरं झाली," बसवंत चालताना म्हणाले. "कुणी रागावलं नाही. एकजण सुद्धा नाही, अक्का." पुढच्या रविवारपासून त्यांनी जाणं बंद केलं.

त्या कंपनीचा नियम होता, सहा महिन्यांनी पुन्हा परीक्षेला बसता येतं. हे धनूनंच सांगितलं, आणि ते सांगून तिनं वडलांना पुन्हा उभं केलं असं मला तेव्हा वाटलं. चारही वह्या बाहेर आल्या. बसवंतांनी नखानं एकेक टिकली उचलायची आणि एक घर पलीकडं लावायची. सुट्टीच्या शब्दांच्या पहिल्या घरावर नवी टिकली. सहा महिने ते हे करत होते. पण टिकली उचलली तरी कागदावर डिंकाचा काळा गोल डाग राहायचा. रबरानं खोडून बघितलं, कागद फाटला. मग त्यांनी डाग तसेच ठेवले. प्रत्येक शब्दावर एक लाल टिकली आणि तिच्या अलीकडं एक काळा डाग.

पेला पुन्हा वाजायला लागला, पण आता सलग वाजत नव्हता. धनूचा आवाज मध्येच तुटायचा. "परत," बसवंत म्हणायचे, अगदी हळू. "परत म्हण बाळ." पूर्वी ते असं कधी म्हणत नसत, तशी वेळच येत नसे. एकदा प्रेमा वर आली आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून राहिली. "खाली ऐकवत नाही," एवढंच म्हणाली.

सप्टेंबरमध्ये आम्ही तिघं हेब्बाळला गेलो. प्रेमानंच मला बरोबर जा म्हणून सांगितलं होतं. तळ्याच्या बाजूनं बस गेली, पण कुणी खिडकीतून बघितलं नाही. कंपनीच्या बाहेरच्या खोलीत आम्हाला बसवलं. मधे काचेची भिंत होती. पलीकडं प्रतिमा मॅडम आणि त्यांच्यासमोर धनू. दिसत होतं सगळं, ऐकू काहीच येत नव्हतं.

धनूनं कागद हातात घेतला. तिचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. मला वाटलं, ठीक चाललंय, जरा दमानं वाचतेय. बसवंत तिच्या तोंडाकडं बघतच नव्हते. ते तिच्या डाव्या हाताकडं बघत होते. घरी पेला असायचा, इथं नव्हता, म्हणून ती मांडीवर बोटं आपटत होती.

"दोनदा आपटतीय," बसवंत म्हणाले.

"काय?"

"प्रत्येक शब्दाला दोनदा. एक माझं, एक बरोबरचं."

मग मलाही दिसलं. बोटं एकदा पडत, ती थबके, आणि पुन्हा पडत. ओठ उघडून तसेच राहत. एका शब्दावर ती फार वेळ थांबली. हात मांडीवर वर उचललेला, खाली येईना. मॅडम पुढं झुकून काहीतरी म्हणाल्या. धनूनं मान हलवली आणि कागद टेबलावर ठेवला. बसवंतांनी घड्याळाकडं बघितलं, पण या वेळी वेळ सांगितली नाही.

प्रतिमा मॅडम स्वतः बाहेर आल्या. तरुणच होत्या, आणि मनानं चांगल्या. "मला वाईट वाटतं," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "मागच्या वेळी ती निदान बोलत होती. आता ती बोलतच नाही. तिला काही झालंय का?"

धनू त्यांच्यामागं उभी होती. तिनं वडलांकडं बघून मान हलवली, नको म्हणून.

बसवंत उठून उभे राहिले, हजेरी देताना कामगार राहतात तसे. "आय टॉट हर," ते म्हणाले. एकेका घराचे तीन शब्द. मी ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं इंग्रजी.

परतताना धनू त्यांच्या शेजारी बसली होती. मेखरी सर्कलपाशी बस बराच वेळ थांबली. "रेडिओ म्हणून सांगितलं होतं मी," ती त्यांना म्हणत होती, "तेच राहू द्यायचं होतं ना, अप्पा." त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो मत्तीकेरे येईपर्यंत काढला नाही.

ऑक्टोबरपासून ती शिलाईच्या कारखान्यात जाते. प्रेमा जायची तोच. कॉलरी नाहीत, बाह्या. सकाळी सहाला बंब पेटतो. पहिल्या आठवड्यात बंबात लाकडाबरोबर वह्याही गेल्या. रद्दीत का नाही दिल्या, म्हणून प्रेमा चिडली होती. बसवंत तिला म्हणाले, "रद्दीवाला विकेल. कोणतरी घेईल. त्यावरनं शिकेल." कोशाचीही तीच काळजी. तो त्यांनी जाळला नाही, अव्हेन्यू रोडला परत नेऊन दिला, पण त्याआधी सुरुवातीला एक पान चिकटवलं. खूण ज्या घराच्या आधी, वजन त्या घरावर. टाइमकीपरच्या ठळक, सरळ अक्षरात, मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत. मला ते दाखवायला वर आले होते. स्पेलिंग तेवढं तपासा म्हणाले.

परवा संध्याकाळी धनू जिन्यात भेटली. कारखान्याच्या ओळखपत्राला फोटो हवा होता, तो काढायला निघालेली. खाली पायरीवर बसवंत बसले होते.

"कुठं निघालीस गं एवढ्या घाईनं?" मी विचारलं.

"ते... फो..." ती म्हणाली आणि थांबली. तिची बोटं साडीच्या निऱ्यांवर एकदा पडली, मग वर राहिली. "फोटो काढून देतात ना टीचर, त्यांच्याकडं."

बसवंतांनी पाय आखडून घेऊन तिला वाट दिली. ती गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत ते बघत राहिले. मग त्यांनी मनगट वर केलं. तिथं घड्याळ नव्हतं, नुसता पट्ट्याचा पांढरा वण होता. त्यांनी हात पुन्हा मांडीवर ठेवला.